व्हीएमच्या आत राहिलेले तीन आठवडे

पार्श्वभूमी

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी. आम्ही चौघं. ठेवी, कर्ज, पिग्मी, पासबुक छपाई सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये. मी तिथे डेव्हलपर होते. विंडोज ११ वर आमचा प्रोग्रॅम तपासताना माझं काम कसं हरवलं, त्याची ही हकीकत जून ते नोव्हेंबर २०२१ मधली आहे. माणसं आणि संस्था ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक घटनाक्रम घडला तसा ठेवला आहे.

आमचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्कवरचा, ३२-बिट. त्याला कारण होतं. परवान्यासाठी आम्ही यूएसबी डोंगल (संगणकाला जोडायची, परवाना तपासणारी छोटी किल्ली) देत असू आणि त्या डोंगलची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमनं वापरायची कोड-फाइल, ३२-बिटच होती. पासबुक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलं जायचं. प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागायचा.

त्या वर्षी माझ्याकडे आणखी एक काम होतं. जुन्या संस्थांचा डेटा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होता, तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक प्रमाण पद्धतीत, आणायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण खातेदारांची नावं पाहिली की कळतं. गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर. यातला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात मात्र एक सापडतं, दुसरं सापडत नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या आजोबांना "तुमचं खातंच दिसत नाही" असं ऐकावं लागतं. ही वेळ कुणावर येऊ नये म्हणून मी रूपांतराचा तक्ता अक्षर-अक्षर तपासून बनवत होते. पुढे जे हरवलं त्यात हाच तक्ता होता, म्हणून आधी सांगितलं.

२४ जून २०२१ ला विंडोज ११ ची घोषणा झाली. चारच दिवसांत, २८ जूनला, पहिलं इन्सायडर प्रीव्ह्यू बिल्ड (हौशी तपासणाऱ्यांना आधी मिळणारी कच्ची आवृत्ती) आलं: २२०००.५१, डेव्ह चॅनेलवर, म्हणजे सगळ्यात कच्च्या आवृत्त्यांच्या वाटेवर. आठवड्याभरात ग्राहकांचे फोन सुरू झाले. एका व्यवस्थापकांनी विचारलं, "दसऱ्याला दोन नवीन संगणक घेतोय. अकरा आलं तर तुमचं चालतंय न्हवं?"

आमचे सर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, म्हणाले, "उत्तर आपल्याकडे दसऱ्याआधी पाहिजे."

पहिला निर्णय: प्रीव्ह्यू कुठे टाकायचं?

आमच्यासमोर चार वाटा होत्या. विंडोज ११ अधिकृतपणे येईपर्यंत थांबायचं. एखाद्या जुन्या संगणकावर प्रीव्ह्यू टाकायचं. माझ्याच लॅपटॉपवर ड्युअल बूट, म्हणजे एका यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टीम, करायचं. किंवा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा, आभासी संगणक), बनवायचं.

थांबलो असतो तर दसरा हुकला असता. ऑफिसमधला सगळ्यात जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, कारण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नव्हतं. ड्युअल बूटला दादांनी, म्हणजे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, स्पष्ट नकार दिला: "रोजच्या कामाच्या डिस्कवर कच्ची ऑपरेटिंग सिस्टीम नको." त्यांचं बरोबर होतं. उरलं व्हीएम.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० होम होतं. हायपर-व्ही, म्हणजे विंडोजमधलीच व्हीएमची सोय, होम आवृत्तीत येत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स ६.१ हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात तेव्हा आभासी टीपीएमची सोय नव्हती, पण त्या वेळच्या प्रीव्ह्यू बिल्डमध्ये व्हीएमना ही अट लावली जात नव्हती. इन्स्टॉल सरळ झालं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या एक्स्टेन्शन पॅकचा, म्हणजे वेगळ्या जोड-सॉफ्टवेअरचा, प्रश्न लगेच आला. ६.१ मध्ये यूएसबी २ आणि ३ साठी तो पॅक लागायचा आणि त्याचा परवाना वैयक्तिक, शैक्षणिक वापर किंवा मूल्यमापनापुरता मोफत होता. आमचा वापर धंद्याचा, म्हणून तो घेतला नाही. डोंगलचं काम यूएसबी १.१ वर भागलं. व्हीएममध्ये डोंगल ओळखला गेला, प्रोग्रॅम उघडला, पासबुकाचं पान पीडीएफवर नीट उमटलं. मी सरांना कळवलं: "अकरावर चालतंय." जुलैचा दुसरा आठवडा होता.

ते वाक्य मी फार लवकर बोलले. का, ते पुढे येईल.

काम हळूहळू व्हीएमच्या आत कसं गेलं

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यात कुठलाच एक निर्णय मूर्खपणाचा नव्हता.

सुरुवातीला सोर्स कोड माझ्या लॅपटॉपवर होता आणि व्हीएमला शेअर्ड फोल्डरमधून दिसत होता. पण त्यातून बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करायला, फार वेळ लागायचा. म्हणून कोडची एक प्रत व्हीएमच्या आभासी डिस्कवर ठेवली. वेग सुधारला.

आमचं गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) ऑफिसच्या सर्व्हरवर होतं आणि घरून तिथे पोचायला व्हीपीएन (सुरक्षित जोडणी) लागायचा. इन्सायडर प्रीव्ह्यूमध्ये 'ऐच्छिक' म्हटलेली निदान-माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणं चालूच ठेवावं लागतं. अशा यंत्रात ऑफिसचा पासवर्ड किंवा व्हीपीएनचं प्रमाणपत्र ठेवायचं नाही, असं मी ठरवलं. ग्राहकांचा खरा डेटाही आत नेला नाही, बनावट नावांची खातेवही तयार केली. हे दोन्ही निर्णय मी आजही तसेच घेईन. पण त्यांचा एक परिणाम माझ्या लक्षात आला नाही: व्हीएममधल्या कोडला बाहेर पडायला रस्ताच उरला नव्हता. कमिट, म्हणजे गिटमध्ये बदलांची नोंद, मी आतल्या आतच करत होते. आठवड्यातून एकदा शेअर्ड फोल्डरमध्ये प्रत काढायची असं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये ते दोनदा झालं. नंतर नाही.

त्यात व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या कोड लिहायच्या प्रोग्रॅमचा प्रीव्ह्यूही आत बसवला होता. १७ जूनला पहिला प्रीव्ह्यू आला होता आणि पहिल्यांदाच तो प्रोग्रॅम ६४-बिट झाला होता. आमच्या काही फॉर्मवर ३२-बिट ॲक्टिव्हएक्स कंट्रोल (फॉर्मवर बसवायचे तयार घटक) होते. ६४-बिट प्रक्रियेत ३२-बिट घटक लोड होत नाही, त्यामुळे ते फॉर्म डिझायनरमध्ये उघडेनात. म्हणून व्हीएममध्ये २०१९ आवृत्तीही बसवली. म्हणजे कच्च्या ऑपरेटिंग सिस्टीमवर दोन आयडीई (कोड लिहायचे प्रोग्रॅम), त्यातली एक स्वतःच कच्ची, आणि त्यांच्या शेजारी पतसंस्थांसाठीचा खरा कोड. तपासणीसाठी बनवलेलं यंत्र माझं कामाचं टेबल झालं होतं.

हे सगळं बिनधास्त चाललं ते स्नॅपशॉटच्या, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणी जपून ठेवलेल्या स्थितीच्या, भरवशावर. काही नवीन करायचं की आधी स्नॅपशॉट. बिघडलं की मागे. इतकं छान चालायचं की स्नॅपशॉट म्हणजेच बॅकअप, असं मनात पक्कं बसलं.

दुसरा निर्णय: चॅनेल न बदलणं

३१ ऑगस्टला जाहीर झालं की विंडोज ११ हे ५ ऑक्टोबरला येणार. त्याच सुमारास डेव्ह चॅनेलची वाट वेगळी झाली. ग्राहकांना मिळणारं विंडोज २२००० मालिकेतलं, ते बीटा चॅनेलवर होतं. डेव्ह चॅनेलवर सप्टेंबरमध्ये २२४४९, मग २२४५४ अशी पुढच्या विकासाची बिल्ड येऊ लागली. हे आधी जाहीर केलेलं होतं, मी वाचलंही होतं. बीटाकडे वळायची वेळ तीच होती. एकदा डेव्हचं पुढचं बिल्ड बसलं की परतायला नव्यानं इन्स्टॉल करावं लागतं.

मी वळले नाही. कारण एवढंच की व्हीएममध्ये सगळं मांडलेलं होतं आणि ते हलवायचा कंटाळा आला. सप्टेंबरपासून मी जे विंडोज तपासत होते ते आमच्या एकाही ग्राहकाच्या टेबलावर येणार नव्हतं.

दुसरा परिणाम डिस्कवर झाला. २२००० मालिकेतली सुधारित बिल्ड नेहमीच्या अपडेटसारखी छोटी असायची. डेव्हची ही नवी बिल्ड म्हणजे दर वेळी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं बसणं. स्नॅपशॉट घेतल्यावर व्हीएमचं प्रत्येक नवं लिखाण एका वेगळ्या फरक-फाइलमध्ये जातं, त्यामुळे अशा प्रत्येक बदलाला माझ्या २५६ जीबीच्या एसएसडीवर गठ्ठ्यानं जागा जायची.

अडचण

सप्टेंबरच्या मध्यावर २२४५८ आलं. त्याच्या घोषणेत लिहिलं होतं की यापुढे टीपीएम वगैरे अटी व्हीएमनाही लागू, आणि आधी बनवलेली व्हीएम पुढची बिल्ड घेतीलच असं नाही. माझं व्हीएम २२४५४ वर थांबलं. प्रीव्ह्यू बिल्डला मुदत असते, त्यामुळे थांबलेल्या यंत्रावर फार काळ राहता येणार नव्हतं.

मी अटी चुकवून पुढे जाता येतं का ते पाहू लागले. प्रत्येक प्रयत्नाआधी एक स्नॅपशॉट. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, १८ सप्टेंबरला, लॅपटॉपची डिस्क पूर्ण भरली आणि व्हर्च्युअलबॉक्सनं व्हीएम जागच्या जागी थांबवलं.

व्हर्च्युअलबॉक्समधूनच एक जुना स्नॅपशॉट काढायचा प्रयत्न केला. पण स्नॅपशॉट काढणं म्हणजे त्याची फरक-फाइल शेजारच्या फाइलमध्ये मिसळणं, आणि त्या कामालाही मोकळी जागा लागते. ती नव्हती. काम अर्ध्यात अडलं.

मग मी स्नॅपशॉटचं फोल्डर उघडलं. लांबलचक आकडे-अक्षरांच्या नावांच्या फाइली. तारखेनं लावल्या. ऑगस्टअखेरची एक मोठी फाइल होती, त्यानंतर तिला हात लागलेला नव्हता. जुनी आहे, म्हणजे नको असलेल्या स्नॅपशॉटची असणार, असं वाटलं. रिसायकल बिनमध्ये टाकून जागा मोकळी होणार नव्हती, म्हणून शिफ्ट दाबून कायमची पुसली.

फरक-फाइलींची साखळी असते. मूळ डिस्क, तिच्यावर पहिला फरक, त्याच्यावर दुसरा. नवा स्नॅपशॉट झाला की आधीच्या फाइलवर लिहिणं बंद होतं, म्हणून तिची तारीख जुनी राहते. पण तिच्यानंतरची प्रत्येक फाइल तिच्याच जिवावर उभी असते. मी मधली कडी काढली होती. व्हीएम परत उघडलं नाही. एसएसडीवर पुसलेली जागा ट्रिम नावाच्या आपोआप होणाऱ्या सफाईमुळे खरोखरच रिकामी होते, त्यामुळे डेटा परत काढणाऱ्या साधनांनाही काही मिळालं नाही.

कडीच्या आधीचं शाबूत होतं, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंतचं. त्यानंतरचे तीन आठवडे गेले. रूपांतराच्या तक्त्याचा जवळजवळ पूर्ण दुसरा भाग त्यात होता.

सकाळी दादांना फोन केला. घरात विसर्जनाची गडबड होती, ते बाजूला जाऊन बोलले. रागावले नाहीत. विचारलं, "तू मला नऊ तारखेला एक एक्झी पाठवली होतीस, ती चालेल का?"

काय केलं

त्या एका प्रश्नानं बरंचसं वाचलं. डॉट नेटचा प्रोग्रॅम यंत्रभाषेत न जाता मधल्या भाषेत साठवलेला असतो, त्यामुळे आयएलस्पायसारख्या साधनानं त्यातून वाचता येण्याजोगा कोड परत काढता येतो. दादांच्या संगणकावरच्या एक्झीमधून, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलमधून, ९ सप्टेंबरपर्यंतचा कोड मिळाला. तक्ता रिसोर्स म्हणून आत गुंफलेला होता, तो जसाच्या तसा निघाला. कोडशेजारी लिहिलेली टिपणं मात्र गेली. आतल्या व्हेरिएबलची नावंही गेली, त्यांच्या जागी टेक्स्ट२, नम७, फ्लॅग३ अशी साधनानं दिलेली नावं आली. ९ ते १८ मधलं मी आठवून परत लिहिलं.

३० सप्टेंबरची सहामाही व्याज आकारणी सुखरूप पार पडली, कारण ग्राहकांची चालू आवृत्ती गिटमधल्या वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र वाटेवर) होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. हे माझ्या सावधपणामुळे झालं नाही. सरांचा जुना नियम होता की व्याजाच्या महिन्यात चालू आवृत्ती बदलायची नाही.

मग विंडोज ११ चा प्रश्न पुन्हा मांडला. पर्याय तीन. व्हर्च्युअलबॉक्समध्येच नवं व्हीएम करून टीपीएमची तपासणी चुकवायची. दादांच्या विंडोज १० प्रो वर हायपर-व्हीचं जनरेशन २ व्हीएम करून त्याला आभासी टीपीएम द्यायचं. किंवा खरा संगणक घ्यायचा.

पहिल्याला दादांचा आक्षेप होता, आणि मला तो पटला: "अटी चुकवून तपासलेलं, ते अटी पाळणाऱ्या संगणकावर चालेल हे कशावरून सांगणार?" हायपर-व्ही चांगलं होतं, पण त्यात यूएसबी उपकरण थेट व्हीएमला देता येत नाही, म्हणजे डोंगल बाहेरच. शेवटी सरांनी एक नवा डेस्कटॉप घ्यायला होकार दिला. हायपर-व्हीचं व्हीएम इन्स्टॉलर आणि डेटाबेस तपासायला, आणि डोंगल-प्रिंटर खऱ्या यंत्रावर, अशी वाटणी केली.

निकाल

५ ऑक्टोबरनंतर त्या डेस्कटॉपवर अधिकृत विंडोज ११ नव्यानं टाकलं, आमचा प्रोग्रॅम बसवला, डोंगल लावला. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, लोडच झाला नाही.

कारण सापडायला दीड दिवस गेला. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी नावाची सोय आहे. हार्डवेअरच्या व्हर्च्युअलायझेशनचा आधार घेऊन ती कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाणारा प्रत्येक ड्रायव्हर पारखते. आमच्या नव्या संगणकावर ती सुरुवातीपासून चालू होती. आमच्या डोंगलचा ड्रायव्हर जुना, या पारखीत न बसणारा. माझ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीएममध्ये ही सोय चालू नव्हती, म्हणून जुलैमध्ये तोच ड्रायव्हर मुकाट्यानं चालला आणि मी "चालतंय" म्हणाले. तीन महिने आमचं उत्तर चुकीचं होतं. व्हीएम हरवलं नसतं, तर त्याच उत्तरावर आम्ही दसऱ्याला गेलो असतो.

इथे एक मोह होता. मेमरी इंटेग्रिटी दोन क्लिकमध्ये बंद करता येते. ग्राहकांना फोनवरून तेवढं सांगितलं असतं की प्रश्न मिटला असता, आणि आमच्यातल्या एकानं तसं सुचवलंही. सरांनी नाही म्हटलं. ज्या संगणकावर शेकडो ठेवीदारांची खाती आहेत, त्याची कडी आपल्या डोंगलसाठी काढायची नाही. हा या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात योग्य वाटणारा निर्णय आहे.

डोंगल पुरवणाऱ्यांकडे नवा ड्रायव्हर मागितला. तो त्यांच्याकडे तयार होता, आम्ही कित्येक वर्षं मागितलाच नव्हता. त्याच्यासोबतच्या डीएलएलसाठी आमच्या कोडमध्ये थोडे बदल करावे लागले. दसरा १५ ऑक्टोबरला होता, तोवर ते पूर्ण झालं नाही. म्हणून विचारणाऱ्या संस्थांना सांगितलं की संगणक जरूर घ्या, पण तूर्त त्यावर विंडोज १० राहू द्या, त्याला ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. दोघांनी ऐकलं. एकांनी नाराजीनं खरेदी पुढे ढकलली. दिवाळीच्या आठवड्यात नवा इन्स्टॉलर दिला आणि तो चालला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, व्हीएम पुसून टाकलं तर आत्ता काय जाईल, हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारायला हवा होता. व्हीएमनं माझ्या लॅपटॉपला प्रीव्ह्यूपासून वाचवलं, ते त्याचं काम त्यानं चोख केलं. आत ठेवलेल्या कामाला वाचवणं हे त्याचं काम नव्हतंच. पासवर्ड आत न नेण्याचा निर्णय कायम ठेवूनही कोड बाहेर काढता आला असता. शेअर्ड फोल्डरमध्ये एक रिकामी गिट रिपॉझिटरी (कोडचं कोठार) ठेवायची, व्हीएममधून तिच्यात पुश करायचं आणि पुढे सर्व्हरवर पाठवणं लॅपटॉपनं करायचं. अर्ध्या तासाची मांडणी होती ती. आता आम्ही तेच करतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बीटाकडे वळायला हवं होतं. पुढे काय येतंय याचा कानोसा घ्यायला डेव्ह चॅनेल उपयोगी होतं. पण ग्राहकाला तारीख सांगायची असेल तेव्हा त्याच्या हातात पडणाऱ्या मालिकेतलंच बिल्ड तपासायला हवं.

स्नॅपशॉटबद्दल आमच्यात मतभेद आहेत. दादा म्हणतात, एकही नको, दर वेळी कोरं व्हीएम स्क्रिप्टनं उभं करायचं. मी दोनपर्यंत ठेवते, आणि काढायचा तो फक्त व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून, डिस्कवर पुरेशी जागा आहे हे पाहून. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून आभासी टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मिळतात आणि यूएसबी २-३ साठी एक्स्टेन्शन पॅकही लागत नाही, त्यामुळे २०२१ ची अर्धी कसरत आता उरलेली नाही. ड्रायव्हर मात्र आम्ही अजूनही खऱ्या संगणकावरच तपासतो.

आणि "चालतंय" हा शब्द अहवालात लिहायचा नाही असं ठरलं आहे. कुठल्या बिल्डवर, कुठल्या यंत्रावर, काय जोडून, काय न जोडता, हे लिहायचं. जुलैमध्ये मी एवढं लिहिलं असतं तरी "प्रिंटर: जोडला नाही, पीडीएफ" ही ओळ कुणाच्या तरी डोळ्यांत आली असती.

रूपांतराचा प्रोग्रॅम आजही वापरात आहे. एक्झीमधून परत काढलेल्या कोडला मी हळूहळू नीट नावं देत गेले. नम७ म्हणजे काय ते समजलं, टेक्स्ट२ समजलं. फ्लॅग३ अजून तसाच आहे. तो काढला की 'वऱ्हाडे' चुकतं आणि 'गोऱ्हे' बरोबर येतं. का, ते मी तेव्हा शेजारच्या टिपणात लिहून ठेवलं होतं.